फौजेत नव्याने जाणाऱ्यासाठी: सलाम, शब्द आणि शिस्त

अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळी अशा गावातल्या पोराला हे सगळं घरातच कळतं. आजोबा सुभेदार, चुलता हवालदार, माळ्यावर नाव-नंबर रंगवलेली काळी पेटी. तुझ्या घरातून फौजेत जाणारा तू पहिलाच असशील, तर पुढचं तुझ्यासाठी आहे. (पोर म्हणतोय त्यात पोरीही आल्या. मिलिटरी पोलिसांत जवान म्हणून त्यांची पहिली तुकडी २०२१ मध्ये बाहेर पडली.)

निवृत्त होण्याआधी काही वर्षं मी ट्रेनिंग सेंटरला उस्ताद होतो. निवड झालेली पोरं आजही घरी येतात आणि धावण्याचं, बीमचं, वजनाचं विचारतात. साहेबासमोर उभं कसं राहायचं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. आणि पहिल्या महिन्यात रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडणारी पोरं मी पाहिली, त्यातली बहुतेक धावण्यात चांगली होती. आपलं नेमकं काय चुकलं हेच न कळल्याने ती रडत होती.

एक गोष्ट डोक्यात घालून निघ. फौजेतली अदब म्हणजे हांजी-हांजी नव्हे, ती खबर आहे. तू कोण, कुठून आलास, हुकूम ऐकलास का, समजला का, तुझ्या हातातलं हत्यार भरलेलं आहे की रिकामं, हे समोरच्याला तुला न विचारता कळलं पाहिजे. खालचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. हे कळलं की पाठांतर निम्मं होतं.

घर सोडण्याआधी

स्वतःचे कपडे स्वतः धू, इस्त्री कर, बटण लाव, बूट पॉलिश कर. आई करून देते म्हणून बसू नकोस. बराकीत आई नाही आणि वेळही नाही. केस बारीक करून जा, तिथे नाहीतरी वाटीच डोक्यावर ठेवल्यासारखे कापतात. मोबाइल बराच काळ हाताशी नसेल हे घरच्यांना आधीच सांग, नाहीतर चौथ्या दिवशी तुझे वडील सेंटरच्या गेटवर उभे असतील. कागदपत्रांच्या दोन-तीन प्रती वेगळ्या ठेव. एवढं पुरे.

हिंदीची मात्र तयारी कर. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमध्ये गेलास तर आजूबाजूला मराठी कानावर पडेल, पण नाशिक रोडच्या तोफखान्यात, खडकीच्या सॅपर्समध्ये (लष्करी अभियंत्यांत), अहिल्यानगरच्या रणगाडा दलात, सागरच्या महार रेजिमेंटमध्ये किंवा जबलपूरच्या सिग्नलमध्ये (दळणवळण दलात) तुझ्या शेजारच्या खाटेवर कुठल्याही राज्यातला पोरगा असेल. हुकूम सगळीकडे हिंदीत. आपल्या पोरांची गंमत ही की ती मनात मराठी बोलतात आणि तोंडाने हिंदी. उस्ताद वर्गात 'शिक्षा' म्हणाला की आमचा एक पठ्ठ्या जोर काढायला खाली वाकला होता. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्याला कोण सांगणार? दुसरी अडचण 'तुम'ची. मराठीतलं 'तुम्ही' आदराचं आहे म्हणून आपण निरागसपणे 'तुम' म्हणतो आणि समोरच्या उत्तरेकडच्या हवालदाराचे कान लाल होतात. वरिष्ठाला नेहमी 'आप'. हे घरापासून घोकत जा.

खांदे वाचायला शिक

पहिल्या दोन दिवसांत चेहरे लक्षात राहणार नाहीत, त्यामुळे खांदा आणि बाही वाच. बाहीवर एक पट्टी लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. हे तुझे रोजचे लोक. ट्रेनिंगमध्ये शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणायचं, पट्ट्या कितीही असोत.

त्यांच्या वर ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जेसीओ. नायब सुभेदाराच्या खांद्यावर एक तारा, सुभेदाराच्या दोन आणि सुभेदार मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह. ताऱ्यासोबत लाल-पिवळी-लाल फीत असते. ही फीत नीट बघ, कारण नव्या पोरांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. दोन तारे सुभेदाराचे आणि दोनच तारे लेफ्टनंटचे, फरक फितीचा. कॅप्टनला तीन तारे, मेजरला नुसता अशोकस्तंभ, लेफ्टनंट कर्नलला स्तंभ आणि एक तारा, कर्नलला दोन, ब्रिगेडियरला तीन. त्यावर तलवार आणि बॅटनची फुली दिसली की जनरल. पण तेवढ्या वरचा साहेब येणार असेल तर आठवडाभर आधी झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागलेला असतो, तुला कळेलच.

नाईक, हवालदार, सुभेदार हे शब्द आपल्याकडे नवे नाहीत. शिवछत्रपतींच्या पायदळातही नाईक होता, त्याच्यावर हवालदार, पुढे जुमलेदार आणि हजारी. तेव्हा ही नावं परकी वाटून घेऊ नकोस.

सलाम कोणाला, कधी, कसा

सॅल्यूट कमिशन्ड अधिकाऱ्याला. म्हणजे त्या माणसाला कमी आणि राष्ट्रपतींनी त्याला दिलेल्या कमिशनला, म्हणजे अधिकारपत्राला, जास्त. म्हणून अधिकारी तुझ्याहून दोन वर्षांनी लहान असला, काल अकादमीतून आलेला असला, तरी हात उठतोच. आणि त्यानेही उलट सॅल्यूट द्यायचा असतो, तो रिवाज एकतर्फी नाही. जेसीओ साहेबांसमोर सावधान होऊन 'राम राम साहब' किंवा 'जय हिंद साहब'. शीख पलटणीत 'सत श्री अकाल', गढवालींत 'जय बद्री विशाल'. जिथे जाशील तिथला रिवाज पहिल्याच दिवशी ऐकून घे. सुभेदार साहेबांची अठरा-वीस वर्षांची नोकरी झालेली असते आणि अधिकारीसुद्धा त्यांना 'साहब' म्हणूनच हाक मारतात. तरुण लेफ्टनंट सुभेदाराशी कसा बोलतो हे लांबून बघ. अदब वरून खालीही चालते, हे तिथे दिसेल.

आता हात. तळहात समोर उघडा, बोटं जुळलेली, अंगठा चिकटलेला, मधलं बोट उजव्या भुवईच्या टोकापाशी, कोपर खांद्याच्या रेषेत. हात लांबच्या वाटेने वर, जवळच्या वाटेने खाली. नौदलात तळवा जमिनीकडे वळलेला असतो. जहाजावर डांबराने काळे झालेले हात वरिष्ठाला दिसू नयेत म्हणून, असं जुने लोक सांगतात. हवाई दलाने २००६ मध्ये आपली पद्धत बदलली, त्यांचा हात या दोन्हींच्या मधल्या कोनात असतो. तिन्ही दलांचे लोक एकत्र असले की नुसत्या हातावरून ओळखता येतं.

चुका ठरलेल्या आहेत. डोक्यावर टोपी नसेल तर आपल्या सैन्यात हाताने सॅल्यूट नाही. सावधान व्हायचं, नजर मिळवायची, 'जय हिंद सर'. सिनेमात उघड्या डोक्याने सॅल्यूट ठोकतात तो विसर. चालताना अधिकारी समोरून आला तर तीन पावलं अलीकडे हात वर गेलेला हवा आणि मान त्याच्याकडे वळलेली. अगदी तोंडासमोर गेल्यावर दचकून हात उचलू नकोस. दोन्ही हातांत सामान असेल तर मान वळव, ताठ चाल. सायकलवर हँडल सोडू नकोस! माझ्यासमोर एक रिक्रूट थेट मेसच्या कुंपणात गेलाय. हातात रायफल असेल तर सलामी रायफलची: पहाऱ्यावर असताना मेजर आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला सलामी शस्त्र (रायफल शरीरासमोर उभी धरून), कॅप्टन आणि त्याखालच्याला बट सॅल्यूट (रायफलवर हात आणून).

आणि मनात शंका असेल, दोन ताऱ्यांवर फीत आहे की नाही दिसलं नाही, तर? सॅल्यूट मार. जास्तीच्या सॅल्यूटबद्दल कोणी शिक्षा भोगल्याचं मी ऐकलं नाही. (मराठीतली शिक्षा.)

बोलणं

साहेबासमोर बोलवलं की आधी परवानगी माग, आत ये, थांब, सॅल्यूट, मग नंबर, रँक, नाव. तुझा नंबर झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. मग कामाचं बोल, आणि आधी मुद्दा. आपल्याकडे सुट्टी मागायची तर आत्याच्या सासरपासून सुरुवात होते. तिथे पहिलं वाक्य 'श्रीमान, बहन की शादी है, दस दिन की छुट्टी चाहिए', बाकीचं विचारलं तर.

हुकूम मिळाला की 'जी साहब' म्हणून पळू नकोस. तो परत म्हणून दाखव: 'जी साहब, शाम पाँच बजे, कोत के सामने, पूरा सेक्शन.' (कोत म्हणजे हत्यारांची कोठी, सेक्शन म्हणजे सगळ्यात लहान तुकडी.) आता सांगणाऱ्याला कळलं की तुला कळलं. काम झाल्यावर परत येऊन 'काम हो गया' हेही सांगायचं. चांगल्या-चांगल्या पोरांची इथे गोची होते. काम चोख करतात आणि सांगत नाहीत. मग वरचा माणूस दुसऱ्याला पाठवतो, तो दुसऱ्यांदा तेच करतो आणि शिव्या दोघांना.

समजलं नसेल तर तिथल्या तिथे विचार. 'साहब, दोबारा बताइए' यात कमीपणा नाही. समजल्यासारखी मान हलवणं हे फौजेतलं सगळ्यात महागडं खोटं आहे. आणि माहीत नसेल तर 'मालूम नहीं साहब, पता करके बताता हूँ'. ठोकून देऊ नकोस. शत्रूचे किती लोक दिसले याचं उत्तरही उद्या तूच देणार आहेस.

बराक, वेळ, लंगर

फॉलिन, म्हणजे हजेरीची रांग, साडेपाचला असेल तर पाच पंचवीसला रांगेत. घड्याळ चोवीस तासांचं शीक. खाट, पेटी, बूट, मच्छरदाणी ओळीत का ठेवायची असं पोरं कुरकुरतात. रात्री वीज नसताना 'स्टँड टू' (लढायला सज्ज व्हायचा हुकूम) झालं की हात बरोबर बुटावर पडतो, म्हणून. एकदा अंधारात करून बघ.

लंगरमध्ये लागेल तेवढंच घे, ताट स्वतः धू, रांग मोडू नकोस. जातीधर्मावरून, भाषेवरून चेष्टा तोंडातून येऊ देऊ नकोस. फौजेत पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री असे धर्मगुरू पगारावर असतात आणि 'सर्व धर्म स्थल' एकाच छताखाली असतं. बडा खाना असेल त्या दिवशी अधिकारी, जेसीओ आणि जवान एकत्र जेवतात. तिथे मोकळं बोललेलं चालतं, पण त्या मोकळेपणाचा उल्लेख दुसऱ्या दिवशी परेडवर करायचा नाही.

हत्यार आणि पहारा

कोतमधून हत्यार घेताना आणि कोणाच्याही हातात देताना आधी मॅगझिन काढ, बोल्ट मागे खेच, चेंबर डोळ्यांनी बघ आणि समोरच्याला दाखव. 'खाली है' हे शब्द पुरे नाहीत, दाखवायचं. हा सुरक्षेचा नियम तर आहेच, पण मी याला फौजेतली सर्वात मोठी अदब म्हणतो: माझ्यामुळे तुला धोका नाही, हे तू स्वतः तपासून घे. रिकाम्या रायफलचीही नळी माणसाकडे कधी नाही, गमतीतसुद्धा नाही.

रात्री पहाऱ्यावरच्या संत्रीने 'थम! हुकुमदार!' म्हटलं की जागच्या जागी थांब, हात दिसतील असे ठेव, ओळख दे. हा 'हुकुमदार' म्हणजे कंपनीच्या काळातल्या 'हू कम्स देअर'चं आपल्या शिपायांच्या तोंडी झालेलं रूप. शब्द बदलला, धाक तोच आहे. 'अरे मीच आहे' हे उत्तर देऊ नकोस. आणि तू स्वतः संत्री असशील तर कंपनी कमांडर ओळखीचा चेहरा घेऊन आला तरी पासवर्ड माग. चांगला साहेब यावर खूश होतो. पहाऱ्यावर डुलकी लागली तर ती चूक राहत नाही, गुन्हा होतो.

चुकलं तर

चुकणारच. तीन शब्द: 'गलती हुई साहब.' कारण विचारलं तरच कारण. मित्राचं नाव पुढे करायचं नाही आणि मित्रासाठी खोटंही बोलायचं नाही. हे दोन्ही एकत्र जमायला वेळ लागतो, मलाही लागला.

रगडा, म्हणजे शिक्षेची अंगमेहनत, मिळेल. एकाची चूक आणि अख्ख्या प्लाटूनला (काही सेक्शन मिळून झालेल्या तुकडीला) फ्रंट रोल, हेही होईल. राग त्या एकावर काढू नकोस. रात्री त्याच्या बुटाला तूच पॉलिश करून दे, पुढच्या वेळी तो उशीर करणार नाही. पण रगडा आणि मारहाण यात फरक आहे हेही तुला माहीत हवं. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ४७ प्रमाणे हाताखालच्या माणसाला मारणं किंवा छळणं हा वरिष्ठाचा गुन्हा आहे आणि त्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच कायद्याचं कलम ४१ उलट बाजूचं: कायदेशीर हुकूम उद्दामपणे धुडकावला तर १४ वर्षांपर्यंत. 'कायदेशीर' हा शब्द कायद्यातच आहे, तो वाच. किरकोळ गुन्ह्यात कमांडिंग ऑफिसर स्वतः २८ दिवसांपर्यंत कोठडी देऊ शकतो. टोपी-पट्टा काढून त्यांच्यासमोर मार्चअप होतं, म्हणजे मार्च करत हजर केलं जातं, पण तिथेही तुझी बाजू ऐकली जाते, शांतपणे मांड.

तक्रारीचा रस्ता ठरलेला आहे. सेक्शन कमांडर, प्लाटून, सीएचएम (कंपनी हवालदार मेजर), सिनियर जेसीओ, मग कंपनी कमांडरकडे इंटरव्ह्यू. मधल्या माणसाविरुद्धच तक्रार असेल तर त्याच्या वरच्याकडे कलम २६ नुसार रीतसर. सैनिक संमेलनात कमांडिंग ऑफिसर सगळ्यांसमोर 'कोई पॉइंट?' विचारतात. तिथे लंगरच्या चपातीचं किंवा पाण्याच्या टाकीचं बोलता येतं. व्हिडिओ काढून नेटवर टाकणं हा रस्ता नाही. वर्तमानपत्रं, राजकीय सभा, संघटना याबाबत गावातल्या मित्राला जे चालतं ते तुला चालत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला तशी मर्यादा घालण्याचा अधिकार दिला आहे. २०२० मध्ये सैन्याने तर ८९ ॲप मोबाइलवरून काढायला लावली होती. तुझ्या वेळी कोणती चालतात ते कंपनीत विचारून घे. आणि अनोळखी मुलीचा गोड मेसेज आला, की ती तुझ्यावर नाही, तुझ्या पलटणीवर भाळली आहे असं धरून चाल.

पहिली सुट्टी

कसम परेड होते, तिरंग्यासमोर शपथ घेतली जाते, आईबाप आले असतील तर त्यांच्या छातीवर गौरव पदक लागतं. मग तू घरी येतोस आणि गावात मिरवणूक निघते. चांगलं आहे, मिरव. पण वर्दी घालून पानटपरीवर उभा राहू नकोस आणि वर्दीच्या जोरावर एसटीत किंवा रेल्वेत कोणाला उठवू नकोस. चिपळूणजवळ तळ पडला होता तेव्हा शिवाजी महाराजांनी आपल्याच अंमलदारांना पत्र लिहून बजावलं होतं की वैरण, दाणा, भाजीपाला बाजारातून विकत आणा, रयतेकडून ओरबाडू नका. आपला माणूस वर्दीत कसा वागतो हे लोकांनी तेव्हापासून पाहिलं आहे. पलटण कुठे आहे, कधी हलणार आहे, हे पारावर बोलू नकोस. 'थंडी आहे तिथे' एवढं पुरे.

परतीचं तिकीट एक दिवस हाताशी ठेवून काढ. गाडी चुकली, पूर आला, आई दवाखान्यात गेली, तर सुट्टी संपायच्या आत युनिटला फोन कर आणि ज्याच्याशी बोललास त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेव. स्वतः आजारी पडलास तर शक्य असेल तर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये जा, तिथला कागद चालतो. स्टेशनवर अडकलास तर एमसीओच्या (सैनिकांच्या प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या) कार्यालयात हजर हो आणि नोंद करून घे. बिनपरवाना गैरहजेरीला कलम ३९ खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ३० दिवस झाले की चौकशी बसते आणि मग तुझ्या नावापुढे 'भगोडा' लागू शकतो. मी पाहिलेली अशी बहुतेक पोरं पळालेली नव्हती. दोन दिवस उशीर झाला, भीतीपोटी फोन केला नाही, मग भीती वाढत गेली आणि दोनाचे वीस दिवस झाले. पहिल्या दिवशी फोन केला असता तर चार दिवस फटीक (जादा अंगमेहनतीची कामं) करून प्रकरण मिटलं असतं.

रात्री दोन वाजता पोचलास तरी आधी गेटवर आणि कंपनीत नोंद कर, सुट्टीचा कागद जमा कर, सीएचएमला सकाळी भेटतो म्हणून निरोप ठेव. तू नसताना तुझी गार्ड ड्यूटी ज्याने केली त्याच्या उशाशी घरच्या लाडवांचा डबा ठेव आणि मग झोप. फॉलिन साडेपाचला आहे.